जुन्या आर्केड कॅबिनेटमधली घरघर: आधी जागा शोधा, मग पार्ट बदला

जुन्या आर्केड कॅबिनेटमधून (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या उभ्या मशीनमधून) ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला लागला की बहुतेक जण आधी कपॅसिटरचा संच मागवतात. सगळे कपॅसिटर बदलून होतात, एखादा उलटा बसतो, बोर्डावरची एखादी तांब्याची पट्टी उखडते आणि मशीन चालू केलं की घरघर होती तशीच. मग कळतं की आवाज वरच्या ट्यूबलाइटच्या चोकचा होता.

घरघर ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे दोष चार-पाच प्रकारचे असतात: सैल झालेला ट्रान्सफॉर्मर, सुकलेला फिल्टर कपॅसिटर, जळका ग्राउंड कॉन्टॅक्ट, तुटकी शिल्ड (सिग्नलच्या तारेभोवतीची धातूची जाळी), बिघडलेला मॉनिटर. प्रत्येकाची परीक्षा वेगळी. खालचा क्रम असा लावला आहे की फुकटच्या आणि बिनधोक चाचण्या आधी होतील, सोल्डरिंग अगदी शेवटी येईल. एका वेळी एकच बदल करा, ऐका, लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशामुळे गेला हे कळत नाही. तोच आवाज पुन्हा आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

## तयारी

लागणारं सामान थोडंच आहे: मिलिव्होल्टपर्यंत एसी दाखवणारा मल्टिमीटर, मगरचिमटे लावलेल्या तारा, १० मायक्रोफॅरड आणि २२०० मायक्रोफॅरडचा एकेक चांगला कपॅसिटर (दोन्ही २५ व्होल्ट किंवा जास्तीचे), आयसोप्रोपिल अल्कोहोल, टॉर्च आणि हातभर लांबीची कोरडी लाकडी काठी. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. शक्य असेल तर त्या गेमचा आणि मॉनिटरचा सर्किट डायग्राम मिळवून ठेवा. काहीही उघडण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरचे फोटो काढा, तारांचे रंग दिसतील असे.

मीटरची एक परीक्षा आधीच घ्या. तो एसीवर ठेवून ९ व्होल्टच्या नव्या बॅटरीला लावा, मग टोकं उलटी करून पुन्हा लावा. दोन्ही वेळा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. एका बाजूने १८-२० व्होल्ट दाखवले, तर तो मीटर डीसीलाच एसी समजतो. रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला एसीचा चढ-उतार, मोजायला तो निरुपयोगी आहे. ही परीक्षा न घेता ‘माझ्या सप्लायमध्ये ११ व्होल्ट रिपल आहे’ असं सांगणारे खूप भेटतात.

सावधान: कॅबिनेटमध्ये तीन जागा जिवावर बेतू शकतात. पहिली म्हणजे मेन्स (भिंतीच्या सॉकेटची वीज) येतो तो भाग: फिल्टर, फ्यूज, स्विच. दुसरी, स्विचिंग सप्लायची प्राथमिक बाजू. २३० व्होल्टच्या मेन्सवर तिथे सुमारे ३२० व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. तिसरी, पिक्चर ट्यूबचा अॅनोड. १९ इंची रंगीत ट्यूबवर तिथे २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. या लेखातलं बहुतेक काम मॉनिटरला हात न लावता होतं, तेव्हा हात लावूच नका.

मागच्या दाराचा किंवा नाणेदाराचा सुरक्षा-स्विच दार उघडताच वीज तोडतो. मोजमापासाठी तो बाहेर ओढून ठेवावा लागतो. तसं करायचं असेल तर एक हात खिशात ठेवा, अंगठ्या-घड्याळ काढा आणि जवळ कुणीतरी असू द्या. फक्त जोडायचं किंवा सोडवायचं असेल तेव्हा स्विचवर विसंबू नका, प्लगच काढा.

## १. आवाज स्पीकरचा की लोखंडाचा?

प्लग काढा, स्पीकरची एक तार सोडवून टोकाला टेप गुंडाळा, मशीन चालू करा. घरघर तशीच असेल तर ती यांत्रिक आहे आणि ऑडिओ बोर्डाशी तिचा काही संबंध नाही. स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना टेकू देऊ नका, अॅम्पचा आयसी त्यात जाऊ शकतो.

यांत्रिक आवाज शोधायला काठी वापरा. एक टोक संशयित वस्तूच्या चौकटीला टेकवा, दुसरं कानाजवळच्या हाडाला. काठी लाकडाचीच हवी. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकण्याची सवय मोटार-मेकॅनिककडे ठीक आहे, इथे नाही.

आवाज बहुधा यांपैकी एका जागी सापडतो:

- ट्यूबलाइटचा चोक. प्लग काढून दिव्याचा कनेक्टर सोडवा, पुन्हा चालू करा. आवाज गेला तर दोषी सापडला. बऱ्याच कॅबिनेटमध्ये स्पीकर नेमका या चोकशेजारीच बसवलेला असतो, त्यामुळे आवाज स्पीकरचाच वाटतो.
- ट्रान्सफॉर्मर. तळाच्या लाकडी फळीवर बसवलेला असतो आणि ती फळी गिटारच्या पेटीसारखी आवाज वाढवते. बोल्ट आवळा, खाली रबरी वॉशर घाला. पत्र्याच्या चकत्याच सैल असतील तर त्यांचे बोल्टही आवळा, पण बळजबरी करू नका.

बोल्ट आवळूनही ट्रान्सफॉर्मर गरम होत असेल आणि घरघरत असेल, तर त्याच्यावरची पाटी वाचा. जपानी कॅबिनेट १०० व्होल्टची असतात. ती १२० व्होल्टला थेट लावली की गाभा संपृक्त होतो आणि ट्रान्सफॉर्मर ओरडतो. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला तरी तेच होतं. व्होल्टेज तेवढंच असलं तरी गाभ्यातला चुंबकीय ताण २० टक्के वाढतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही, हे लक्षात घ्या. अशा वेळी ५०/६० हर्ट्झ दोन्ही लिहिलेला ट्रान्सफॉर्मरच बसवावा लागतो. बहुव्होल्टेज ट्रान्सफॉर्मर असेल तर निवडीचा प्लग किंवा टॅप बरोबर जागी आहे ना, तेही पाहा.

तपासणी: स्पीकर सोडवल्यावर शांतता झाली? मगच पुढे चला. प्लग काढून स्पीकर पुन्हा जोडा.

## २. आवाज नीट ऐका

मेन्स ५० किंवा ६० हर्ट्झचा. पूर्ण-तरंग रेक्टिफायरनंतर (तो एसीचा डीसी करतो) उरलेला रिपल त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झ. या एका फरकावरून बरंच कळतं. खालच्या पट्टीतला मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीचा आवाज असेल तर सिग्नलच्या तारांमध्ये घुसणारी मेन्सची घरघर, ग्राउंड लूप (ग्राउंडला दोन वाटा मिळून बनलेलं वेटोळं) किंवा ब्रिज रेक्टिफायरमधला एक डायोड उघडा पडणं (आतून तुटणं), यांकडे पाहायचं. दुप्पट असेल तर फिल्टर कपॅसिटरवर संशय.

फोनवरचं स्पेक्ट्रम अॅप इथे चालतं, पण कॅबिनेटचा लहान स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवतच नाही आणि फोनचा माइक तो नीट ऐकतही नाही. म्हणून पहिला उंचवटा न पाहता शिडी पाहा. १००, २००, ३०० अशा पायऱ्या असतील तर मूळ १००. मध्ये १५०, २५० दिसत असतील तर मूळ ५०.

तिसरा प्रकार म्हणजे करकरीत ‘झर्रर्र’, जो पडद्यावरचं चित्र बदललं की बदलतो. काळ्या पडद्यावर मंद, पांढऱ्या पडद्यावर जोरात. हा व्हिडिओ किंवा मॉनिटरचा उपद्रव आहे. तसं असेल तर टप्पा ५ आणि ६ आधी करा.

## ३. व्हॉल्यूमची चाचणी

सगळ्यात जास्त माहिती देणारी चाचणी हीच आणि हीच लोक वगळतात. गेमचा आवाज बंद असताना व्हॉल्यूम शून्यापासून पूर्णपर्यंत फिरवा.

घरघर व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली तर ती पॉटच्या (व्हॉल्यूम फिरवायच्या पोटेन्शियोमीटरच्या) आधी घुसते आहे: गेम बोर्ड, त्याचा सप्लाय, सिग्नलची तार. टप्पा ५ कडे जा. शून्यावरही तितकीच राहिली तर पॉटनंतर, म्हणजे पॉवर अॅम्प किंवा त्याचा सप्लाय. टप्पा ४ करा.

दोन अपवाद आहेत. काही कॅबिनेटमध्ये व्हॉल्यूमचा जाड पॉट अॅम्पनंतर, थेट स्पीकरच्या ओळीत असतो. तिथे ही चाचणी काहीच सांगत नाही. दुसरा अपवाद जास्त भेटतो. पॉट नाणेदाराच्या आत लावलेला असतो आणि दार वर्षानुवर्षं उघडून-मिटून त्याची ग्राउंडची तार आतल्या आत तुटते. मग व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज पुरता मिटत नाही, घरघर मात्र वाढते. पॉटच्या धातूच्या अंगाला किंवा दांड्याला बोट लावल्यावर घरघर बदलली तर ग्राउंड गेलं समजा. प्लग काढून, मीटर ओमवर ठेवून पॉटचं ग्राउंड टोक ते बोर्डाचं ग्राउंड मोजा आणि मोजताना तार हलवत राहा. नुसतं एकदा टेकवून ‘शून्य ओम, ठीक’ म्हणू नका. आवरणाच्या आत तुटलेली तार सरळ असताना जुळते, वाकली की सुटते.

पॉट ठीक निघाला तर अॅम्पचं इनपुट तात्पुरतं ग्राउंड करून पाहा. त्यासाठी उघडी तार वापरू नका, त्या जागी डीसी असू शकतो. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मगरचिमट्यांनी लावा, धन टोक इनपुटकडे, ऋण टोक ग्राउंडला. मशीन बंद करून लावा, मग चालू करा. घरघर गेली तर अॅम्प निर्दोष आहे.

## ४. सप्लाय मोजा

मोजायचं कुठे, यात चूक होते. सप्लायच्या टोकांवर ५.०५ व्होल्ट असतील, पण गेम बोर्डाच्या कडेच्या कनेक्टरवर ४.७० असू शकतात. दोन्हीकडे मोजा, मशीन चालू आणि गेम जोडलेला असताना. जॅमा वायरिंगमध्ये (आर्केड बोर्डांसाठी ठरवलेल्या प्रमाणित जोडणीत) ५ व्होल्ट ३ व ४ नंबरच्या पिनांवर, १२ व्होल्ट ६ वर, ग्राउंड १ व २ वर असतं. मागच्या बाजूला त्यांच्या समोरच्या पिनाही त्याच. बोर्डावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही टीटीएल चिपांची (जुन्या बोर्डांवरच्या ५ व्होल्टच्या लॉजिक चिपांची) मर्यादा.

मग मीटर एसीवर घ्या. रेग्युलेटरनंतरच्या ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर काहीतरी बिघडलंय. अॅम्पला बहुधा बिनरेग्युलेटेड किंवा १२ व्होल्टचा सप्लाय असतो. बिनरेग्युलेटेड सप्लायवर थोडा रिपल नैसर्गिक आहे.

किती नैसर्गिक, याचा अंदाज हिशोबाने येतो. रिपल म्हणजे करंट भागिले (फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स), आणि इथली फ्रिक्वेन्सी मेन्सच्या दुप्पट. अटारीच्या जुन्या कॅबिनेटमध्ये तळाच्या पॉवर युनिटवर एक मोठा निळा कपॅसिटर असतो, साधारण २७,००० मायक्रोफॅरडचा. ४ अँपिअर ओढले जात असतील, तर ५० हर्ट्झच्या मेन्सवर त्याच्यावर सुमारे दीड व्होल्ट चढ-उतार होईल. मीटर एसीवर याच्या साडेतीनपट कमी आकडा दाखवतो, म्हणजे ०.४ व्होल्टच्या आसपास. तिथे १ व्होल्ट दिसला तर कपॅसिटर अर्ध्याहून जास्त गेला. मग चढ-उतारातला खालचा बिंदू इतका खाली येतो की रेग्युलेटरला लागणारं दोन-अडीच व्होल्टचं अंतर उरत नाही आणि रिपल थेट ५ व्होल्टवर उतरतो. म्हणून कपॅसिटर हळूहळू सुकत असतो, पण घरघर मात्र एके दिवशी अचानक सुरू झाल्यासारखी वाटते.

सावधान: बोर्डावर व्होल्टेज कमी आहे म्हणून सप्लायचा स्क्रू फिरवून वाढवू नका. वाट तारेत किंवा कनेक्टरमध्ये अडली आहे. ती मोकळी झाली की तेच वाढवलेलं व्होल्टेज चिपांवर येईल.

कपॅसिटरवर संशय असेल तर काढण्याआधी सिद्ध करा. मशीन बंद, प्लग बाहेर, २२०० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर अॅम्पच्या फिल्टर कपॅसिटरला समांतर लावा: धनला धन, ऋणला ऋण. हात बाजूला घ्या आणि चालू करा. घरघर स्पष्ट कमी झाली तरच जुना कपॅसिटर बदलायचा. २७,००० च्या निळ्या डब्यावर मात्र २२०० ने फारसा फरक कळणार नाही, तिथे मोजमापच खरं. चालू मशीनला कपॅसिटर टेकवू नका, ठिणगी पडते आणि रेक्टिफायरही जाऊ शकतो.

फ्रिक्वेन्सी मेन्सइतकीच निघाली असेल तर ब्रिज रेक्टिफायर पाहा. प्लग काढून, एसीकडच्या तारा सोडवून, मीटर डायोडवर ठेवून चारही डायोड तपासा. प्रत्येक एका दिशेने ०.५ ते ०.७, उलट दिशेने काही नाही. एक उघडा पडला तर अर्धा तरंगच मिळतो आणि धडधाकट कपॅसिटरसुद्धा कमी पडतो. कपॅसिटर बदलूनही घरघर न जाण्याचं हे एक ठरलेलं कारण.

मूळ सप्लायऐवजी स्विचिंग सप्लाय बसवलेला असेल तर त्याची घरघर सहसा नसते, असली तर बारीक शिट्टी असते. पण जुन्या गेमना ऋण ५ व्होल्टही लागू शकतो. तो जोडायचा राहिला की आवाज विद्रूप होतो आणि लोक त्यालाच हमिंग म्हणतात.

## ५. ग्राउंड आणि तारा

ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट हे कागदावर खरं. ५ अँपिअर जाताना वाटेत ०.०२ ओमचा अडथळा असला तरी दोन टोकांत १०० मिलिव्होल्ट फरक पडतो, आणि अॅम्पच्या इनपुटला काही मिलिव्होल्टचा एसीसुद्धा ऐकू येण्याजोगा असतो.

मशीन चालू ठेवून मीटरचं एक टोक सप्लायच्या ग्राउंडवर, दुसरं गेम बोर्डाच्या ग्राउंडवर लावा. मग तसंच अॅम्पच्या ग्राउंडवर. डीसी आणि एसी दोन्ही लिहा. डीसी ५० मिलिव्होल्टच्या वर गेला तर त्या वाटेवरचा प्रत्येक जोड पाहा.

बहुतेक वेळा कडेचा कनेक्टर निघतो. टॉर्च मारून आत बघा. चांगला कॉन्टॅक्ट चकाकतो. गेलेला तपकिरी असतो, त्याभोवतीचं प्लास्टिक पिवळट होऊन किंचित वितळलेलं असतं आणि पत्र्याच्या जिभेतली उसळी संपलेली असते. बोर्डावरच्या समोरच्या पट्टीवरही काळा डाग सापडतो. पट्टी अल्कोहोल आणि मऊ खोडरबराने साफ करा. सॅंडपेपर घासला की मुलामा जातो आणि मग ती पट्टी कायम त्रास देते. जळका कॉन्टॅक्ट साफ करण्यात अर्थ नाही, बदला. नुसती तीच पिन बदलून शेजारच्या तशाच ठेवल्या, तर सगळा भार नव्या पिनेवर येतो.

सिग्नलच्या तारेची शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड हवी. दोन्ही टोकांना जोडलेली शिल्ड म्हणजे तयार ग्राउंड लूप. ती तार ट्रान्सफॉर्मर आणि चोकपासून दूर न्या. मेन्सची तार ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. दोन्ही एकाच जुडग्यात टायने बांधून व्यवस्थित दिसतात खऱ्या, पण घरघर तिथूनच येते.

जॅमा वायरिंगमध्ये स्पीकर १० नंबरच्या पिनेवर आणि मागच्या एल पिनेवर असतो. एल पिन म्हणजे ग्राउंड, असं धरून तिथे ग्राउंडची तार जोडू नका. काही बोर्डांचा अॅम्प दोन्ही टोकं हलवतो. तिथे ग्राउंड जोडलं तर घरघर नाही, अॅम्पच जाईल.

बाहेरचा अॅम्प किंवा सबवूफर जोडल्यावरच घरघर सुरू झाली असेल तर दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा. तरीही राहिली तर मध्ये एकास-एक ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

सावधान: प्लगची अर्थिंगची पिन तोडून किंवा झाकून घरघर घालवू नका. आवाज जातोही, म्हणूनच हा उपाय पसरला आहे. पण मग कंट्रोल पॅनेलचा पत्रा, नाणेदार, जॉयस्टिकचे बोल्ट यांचं संरक्षण संपतं आणि ते सगळं खेळणाऱ्याच्या हातात असतं.

## ६. मॉनिटरवर संशय असेल तर

प्लग काढा, मॉनिटरचा वीजपुरवठ्याचा कनेक्टर सोडवा आणि गेम आंधळेपणाने चालवून ऐका. आवाज गेला तर मॉनिटर किंवा त्याचं ग्राउंड दोषी.

पडद्यावरही खूण दिसते: आडवी, रुंद, वर किंवा खाली सरकणारी पट्टी. एक पट्टी असेल तर मेन्सची फ्रिक्वेन्सी, दोन असतील तर दुप्पट, म्हणजे मॉनिटरच्या सप्लायचा फिल्टर कपॅसिटर. बहुतेक गेम सेकंदाला ६० च्या आसपास चित्रं काढतात, त्यामुळे ६० हर्ट्झच्या मेन्सवर पट्टी आळसावल्यासारखी सरकते. ५० हर्ट्झवर तीच पट्टी इतकी वेगाने धावते की पट्टी न दिसता चित्राच्या कडा थरथरताना दिसतात. हा दोष हमखास निसटतो.

जुन्या मॉनिटरच्या चॅसिसला (आतल्या सर्किट बोर्डाला) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण त्याचं ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेलं असतं. कुणी तो वगळला असेल तर मशीन चालूच करू नका. अशा चॅसिसवर अर्थ केलेला ऑसिलोस्कोप लावणंही तितकंच घातक.

आतला कपॅसिटर बदलायचाच असेल आणि पिक्चर ट्यूब डिस्चार्ज करण्याचा सराव नसेल तर चॅसिस जाणकाराकडे द्या. सराव असलेल्यांसाठी एकच आठवण: चिमटा ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या ग्राउंडच्या जाळीला लावायचा, सर्किट बोर्डाला नाही. एकदा डिस्चार्ज केल्यावर काही मिनिटांनी पुन्हा करा, काचेतला चार्ज परत वर येतो.

## ७. बदल आणि शेवटची तपासणी

कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितकेच किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसचे. बोर्डावरच्या छापील खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, जुना कसा बसला होता तो फोटो पाहा. एक बदलला की चालू करून ऐका. फ्यूज मूळ मूल्याचाच.

दुरुस्तीनंतर ५ व्होल्टचा आणि रिपलचा आकडा पुन्हा घ्या, मग तासभर गेम चालवून परत घ्या. बरेच कच्चे सोल्डर जोड गरम झाल्यावरच सुटतात. तासानंतर आकडा हलला असेल तर कनेक्टरच्या पिनांचे सोल्डर भिंगाने पाहा. पिनेभोवती केसाएवढी गोल भेग दिसली तर जुनं सोल्डर काढून नवं भरा.

किती शांत म्हणजे पुरे? स्पीकरला कान लावून ऐकलं तर जुन्या अॅम्पमधून थोडी कुजबुज येणारच. कंट्रोल पॅनेलसमोर, खेळताना डोकं असतं तिथे उभे राहा आणि गेमचा आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा. तिथून घरघर ऐकू येत नसेल तर हत्यारं आवरा. सुरक्षा-स्विच दाबून पूर्ववत करा आणि मागचं दार लावा.